पांढरीची माती

"आधी वास घे. दाताखाली मग घाल," अनसाबाई म्हणाली आणि पाटीतला एक तुकडा तिनं त्या पोरीच्या तळहातावर ठेवला.

पोरगी कोवळी होती, पहिलटकरीण दिसत होती. सासू शेजारी पार्वतम्माच्या मिरच्यांवर घासाघीस करत उभी होती, तेवढ्यात ही इकडं सरकली होती. तिनं तुकडा नाकाशी धरला, डोळे मिटले आणि लगेच त्याचा कोपरा दातांनी कुरतडला. तिचा चेहरा असा निवला की बघणाऱ्यालाही बरं वाटावं.

"कुठली हाय ओ मावशी ही?"

"पांढरीची. दुसरी कुठली असंल?"

औरादच्या बाजारात बसायला लागल्यापासून अनसाबाई हेच उत्तर देत आली होती, आणि ते खरं होतं. खोटं झालं ते गेल्या उन्हाळ्यापासून.

पोटुशा बायांना माती खावीशी वाटते, हे काही अनसाबाईनं शोधून काढलं नव्हतं. डॉक्टर ओरडतात, नवरे हसतात, सासवा वरवर रागावतात आणि स्वतःचे दिवस आठवून गुपचूप आणूनही देतात. बाकीच्या विकणाऱ्या काय, कुठलीही माती भाजायच्या नि विकायच्या. अनसाबाईचं तसं नव्हतं. गावाबाहेर जुन्या पांढरीचं टेकाड होतं. कधीकाळी गाव तिथं वसलेलं होतं म्हणे. त्या टेकाडाच्या पोटातली माती ती खुरप्यानं खरवडून आणायची, भिजवायची, फडक्यातून गाळायची, वड्या थापायची आणि बकऱ्यांच्या लेंड्या नि तुऱ्हाट्यांच्या धगीत दिवसभर भाजायची. तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं होती. आता दोन बकऱ्या राहिल्या होत्या, पण लेंड्यांची धग कशी मंद ठेवायची हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. वडीवर पाणी शिंपडलं की असा वास सुटायचा की पोटुशी नसलेल्या बायाही थांबायच्या. "अनसाबाईची माती," एवढं म्हटलं की झालं.

मग गुडघे गेले. टेकाड चढणं म्हणजे शिक्षा झाली. आणि नेमक्या त्याच उन्हाळ्यात थोरल्या तळ्यातला गाळ काढायची टूम निघाली. ट्रॅक्टर भरभरून गाळ शेतांत गेला. अनसाबाईच्या घरामागच्या वावरात तर ढिगाऱ्यांची रांगच लागली. त्या गाळावर मेथी अशी माजली की लोक बांधावर उभं राहून बघायचे. ढिगारे वाळले, वरचा काळा थर तडकून निघाला, आणि खाली राखाडी, लोण्यासारखी मऊ माती लागली. खडा नाही, कचरा नाही, गाळायचीसुद्धा गरज नाही. अनसाबाईनं चिमूटभर जिभेवर ठेवून बघितली. वाईट नव्हती. तिनं एक घाणा भाजला आणि बाजारात नेला.

बाया म्हणाल्या, "मावशी, औंदाची माती लई झ्याक हाय. तोंडात इरघळायली."

खरं तर हे तिला टोचायला हवं होतं. आयुष्यभर टेकाड चढून आणलेल्या मातीचं एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं. पण कौतुक कुणाला नको असतं? ती हसली आणि म्हणाली, "पांढरीची हाय." त्यानंतर ती पुन्हा टेकाडावर गेली नाही.

---

अंगणवाडीच्या ओसरीत विजयश्रीनं बायांना बोलावलं तेव्हा अनसाबाई भिंतीला टेकून बसली होती. शेजारी रेणू, सहावा महिना. रेणू तिची सून आणि सख्ख्या भावाची लेकही. म्हणून सासूला ती आत्याच म्हणायची. घरात भांडण असं कधी झालंच नाही, कारण भांडून जायचं कुठं? दोघींचं माहेर एकच.

विजयश्री गावची आशाताई. बोलायला फटकळ, पण कुणाच्या घरी बाळंतपण अडलं की रात्र रात्र बसणारी. तिच्या हातात कागद होता, पण ती कागदात न बघता बोलत होती.

"कलबुर्गीच्या कॉलेजातले लोक आल्ते बघा, नळ्या घेऊन, तळ्यात उतरून गाळ काढायलते. तुमी हसायलताव त्यांना. त्याचं आलंय समदं. तळं हिरवं कामून झालं, मासे कामून मेले, ते तर तुमाला बी दिसायलंय. शेतातलं खत वाहून येतंय, गावाची गटारं येत्यात, त्याच्यावर जलपर्णी माजायली. ते दिसतंय तरी. पर जे दिसत न्हाई ते बेकार हाय. गाळात शिसं हाय."

"शिसं म्हंजी?" कुणीतरी विचारलं.

"बॅटरीत असतंय ते. वढ्याच्या वरच्या अंगाला जुन्या बॅटऱ्या फोडायचं शेड हुतं का न्हाई? बंद पडून जमाना झाला. शेड गेलं, मालक गेला, शिसं ऱ्हायलं की. पाणी सोडून देतंय, गाळ धरून ठेवतोय. आता तो गाळ तुमी वावरात आणून टाकलाव." विजयश्रीनं सगळ्यांवरून नजर फिरवली. "त्या गाळावरली भाजी खायची न्हाई. लेकरांस्नी त्यात खेळू द्यायचं न्हाई. आन पोटुशा बायांनी तर हात बी लावायचा न्हाई. पोटातल्या लेकराच्या डोक्यावर जातंय ते. जन्मभर निघत न्हाई."

बाया एकदम बोलायला लागल्या. मेथीचं काय, आता ती उपटायची का, जनावरांना घातली तर चालेल का. त्या गलक्यात विजयश्री तिच्याकडं वळली आणि हसली.

"माती खाऊ नका म्हणून मी वरडून मरायले, तुमी काय ऐकत न्हाईत. बरं तरी अनसामावशीची पांढरीची हाय. व्हय का न्हाई मावशी?"

सगळ्या बाया तिच्याकडं बघायला लागल्या. प्रेमानंच बघत होत्या, हेच वाईट होतं.

अनसाबाईनं मान हलवली.

एवढंच. तोंडातून एक शब्दही निघाला नाही, पण मान वरखाली झाली. शेजारी बसलेल्या रेणूनं पदराची गाठ मुठीत घट्ट धरली. त्या गाठीत काय होतं हे दोघींनाही माहीत होतं. घरामागच्या ढिगातून आत्या पाटी भरताना रेणूनं कितीदा पाहिलं होतं, कितीदा ती पाटी आत्याच्या डोक्यावरून स्वतः उतरवून घेतली होती.

दोघी घरी आल्या. रेणूनं चुलीपाशी बसून गाठ सोडली, अर्धी खाल्लेली वडी काढली आणि चुलीच्या कट्ट्यावर ठेवली. अनसाबाई शिव्या द्यायला लागली. शेडच्या मालकाला दिल्या, गाळ काढणाऱ्यांना दिल्या, नळ्या घेऊन येणाऱ्यांनाही दिल्या.

"म्या शिसं वितळवलं व्हय? म्या तळ्यात टाकलं व्हय? मपल्या आईनं माती खाल्ली, तुपल्या आईनं खाल्ली. काय झालं? आमाला काय शिंगं फुटली?"

रेणू ऐकून घेत होती. मग हळूच म्हणाली, "आत्या, त्या बायांस्नी कोण सांगावं?"

"कोणच्या?"

"बाजारच्या. बाया माती कुणाची बी खातेत, खरं हाय. पर ह्या तुमची म्हणून खायल्यात."

अनसाबाईनं पेटलेलीच काटकी पुन्हा चुलीत सारली.

---

बिदरला जाऊन रेणूचं रक्त दिलं. ते पुढं कुठं लांब तपासायला पाठवणार होते. कागद यायला चार दिवस गेले. त्या चार दिवसांत अनसाबाईनं रेणूला काही जड उचलू दिलं नाही. दुधाचा पेला स्वतः पुढ्यात ठेवला, पायाला तेल लावलं. रेणू नको नको म्हणायची. अनसाबाईला ठाऊक होतं की हे सगळं रेणूसाठी नाही, स्वतःसाठी चाललं आहे, पण हात थांबत नव्हते.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी कागद वाचला आणि रेणूकडं न बघता अनसाबाईकडं बघितलं, बहुधा घरातली मोठी म्हणून.

"शिसं आहे. फार नाही. पण पोटातल्या बाळासाठी 'फार नाही' असं काही नसतं, आजी. माती पूर्ण बंद. गोळ्या देते, दूध, नाचणी द्या. पुन्हा तपासू."

"लेकरू चांगलं व्हईल नव्हं?"

"आता कळेलच असं नाही. कदाचित शाळेत जाईपर्यंत कळणार नाही."

शाळेत जाईपर्यंत! अनसाबाई बसमध्ये खिडकीकडं तोंड करून रडली. रेणूनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि तो हात अनसाबाईला डागल्यासारखा लागला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रविकुमार, तिचा मुलगा, कलबुर्गीत तुरीच्या डाळमिलमध्ये कामाला होता. तिनं फोन करून त्याला सारं सांगितलं. त्यानं बायकोची चौकशी केली, मग आईला म्हणाला, "आई, झालं ते झालं. तू आता गप ऱ्हा. कुणाला म्हाईत न्हाई. बाजारात जाऊच नको, मिटलं. सांगत बसलीस तर लोक दारात येतेत. उद्या कुणाचं लेकरू आजारी पडलं की तुपल्या नावानं."

त्याचंही चुकत नव्हतं. लेकाला आईची काळजी असणारच. आणि अनसाबाईला तरी दुसरं काय हवं होतं? तिला कुणीतरी हे सांगायलाच हवं होतं. बाजाराचा दिवस आला तेव्हा ती गुडघ्याला फडकं बांधून अंथरुणावर पडून राहिली. माती विकत नाही म्हणजे पाप वाढत नाही, असा तिनं हिशेब लावला. पण दुपार चढत गेली तशी ती कोवळी पोरगी डोळ्यांपुढं यायला लागली. डोळे मिटून वास घेणारी.

दुपारी रेणूचा मोबाइल वाजला. पार्वतम्मा होती. तिच्या मागं बाजाराचा कालवा ऐकू येत होता.

"अनसक्का! काय गं, येईनास? गुडघा का? पड, पड. फिकर नक्को करू. बाया विचारायल्यात म्हणून तुपलं पोतं मीच काढलंय खोलीतून. इकायले बघ!"

अनसाबाई ताडकन उठून बसली. उरलेली माती परत वाहून न्यायला नको म्हणून दर बाजाराला ती पार्वतम्माच्या खोलीत ठेवून यायची. पोतं तिथंच होतं. एवढ्या दिवसांत तिला ते आठवलंसुद्धा नव्हतं. की आठवायचं नव्हतं?

"पार्वतम्मा, इकू नको! एक बी इकू नको."

"कामून?"

कामून. त्या एका शब्दाचं उत्तर फोनवर देता आलं असतं.

"म्या यायले. तू पोत्याचं तोंड बांध."

रेणू उठायला लागली. "म्या येते आत्या."

"न्हाई. तू न्हाई यायचं," अनसाबाई म्हणाली आणि रिकामी पाटी काखेत मारून टमटमच्या फाट्याकडं निघाली. गुडघा ओरडत होता. ओरडू दे म्हणाली.

---

पार्वतम्मा मिरच्यांच्या ढिगामागं बसली होती. पोत्याचं तोंड बांधलेलं होतं, पण पोतं पोटात खपाटीला गेलं होतं. अनसाबाई तिच्या कानाशी वाकली आणि सगळं सांगितलं. टेकाड, गाळ, शिसं, अंगणवाडीत हलवलेली मान, रेणूचा कागद. सांगताना तिला वाटलं होतं की पार्वतम्मा म्हणेल, जाऊ दे अक्का, तुला काय ठाऊक. इतकी वर्षं शेजारी बसत होत्या. एकीच्या भाकरीवर दुसरीचा ठेचा असायचा.

पार्वतम्मानं हातातली मिरची ढिगात टाकली.

"मपली धाकटी," ती म्हणाली, "हुमनाबादला हाय. आठवा लागलाय. मागल्या बाजारी तूच बांधून दिलतीस की गं, डबल. लेकीला धाड म्हणून."

पार्वतम्मानं आपलं गोणपाट धरून बाजूला ओढलं. हातभरच. मग मोबाइल काढून, पाठ फिरवून, ती कन्नडमध्ये लेकीशी बोलायला लागली. अनसाबाईला सगळं कळत होतं. पार्वतम्मानं तिचं नाव मात्र घेतलं नाही.

अनसाबाई आपल्या जागेवर बसली. पुढ्यात रिकामी पाटी. एक ओळखीची बाई आली आणि म्हणाली, "मावशी, माती?" तिनं सांगितलं. बाई आधी हसली, मग घाबरली, मग "आमची थोरली जाऊबाई म्हणायलीच हुती, ही माती आताशा निराळी लागायली," असं काहीतरी बोलत निघून गेली. दुसरी आली, तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि अनसाबाईच्या पुढ्यात थुंकली. तिसऱ्या बाईपर्यंत तिचा आवाज जाईना. आयुष्यात तिनं कधी ओरडून विकलंच नव्हतं. तिची माती न ओरडता विकली जायची, त्याचा तिला गर्व होता. समोरून पोटुशा बाया गर्दीत जात होत्या, तिला दिसत होत्या, आणि ती "अगं ए, अगं" एवढंच म्हणू शकत होती.

तेवढ्यात शेजारून खणखणीत आवाज आला.

"मातीवाल्या बाया, इकडं या गं! अनसक्काची माती नेलेल्या, इकडं या! खाऊ नक्का, फेकू नक्का, परत आणून द्या! मण्णु तिन्नबॅडऱी!"

पार्वतम्मा होती. शेवटी कन्नडमधूनही तिनं तेच सांगितलं, माती खाऊ नका. मिरचीसाठी कमावलेला तो आवाज बाजाराच्या पार टोकाला जात होता. ओरडताना तिनं अनसाबाईकडं एकदाही बघितलं नाही. ओरडून झालं की मिरच्या तोलायची, पुन्हा ओरडायची.

मग बाया यायला लागल्या. काहीजणी नुसत्या ऐकायला, काहीजणी भांडायला. एका म्हातारीनं विचारलं, "आता सांगायलीस व्हय? पोटात गेल्यावर?" अनसाबाई म्हणाली, "व्हय. आधी सांगायला पाहिजे हुतं. सांगितलं न्हाई." दुसरं काय बोलणार? हात जोडले तर लोक माफ करतील अशी भीती वाटली, म्हणून तिनं हातही जोडले नाहीत. ज्यांच्याकडं होती त्यांनी पदराच्या, रुमालाच्या गाठी सोडल्या आणि वड्या पाटीत टाकल्या. सगळ्या अर्ध्यामुर्ध्या. प्रत्येकीला कडेनं कुरतडल्याच्या बारीक खुणा होत्या.

दिवस कलायला आला तेव्हा ती कोवळी पोरगी आली. सासू बरोबर होती. सासूनं दुरूनच तोंड सोडलं होतं, "हिच्या हाताला किडे पडतेत बघा," आणि जे काय म्हणायचं ते सगळं म्हणून घेतलं. पोरीनं कमरेची पिशवी सोडली, वडी काढली, आणि टाकायच्या आधी नकळत नाकाशी नेली. वास घेतला. मग दचकून हात खाली केला.

"मावशी, आता बी चांगलाच वास यायलाय की हो."

"येतोय. तेच वाईट हाय."

"बाळाला काय व्हईल का?"

अनसाबाईला खोटं बोलावंसं वाटलं. तिला इतकं वाटलं की जीभ पुढं आली. या पोरीला एक शब्द धीराचा दिला तर ती रात्री झोपेल.

"मला ठावं न्हाई गं माय," ती म्हणाली. "बिदरला जाऊन रगत तपास. मपल्या सुनंचं तपासलंय. तिच्या बी पोटात हाय."

पोरीनं वडी पाटीत टाकली. तिची सासू एकदम गप्प झाली. सुनेचा दंड धरून ती निघाली, पण जाताना एकदा वळून बघितलं. मग पार्वतम्मानं उरलेलं पोतं उचललं आणि पाटीत रिकामं केलं. अनसाबाई म्हणाली, "पुढल्या बाजारी बी येईन. न आलेल्या लई हाईत." पार्वतम्मानं ऐकलं की नाही कळलं नाही. ती मिरच्या आवरत होती, आणि तिचं गोणपाट अजून हातभर लांबच होतं.

---

घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. अंगणात रेणू उभी होती. सवयीनं ती पुढं आली आणि पाटी उतरवायला तिनं दोन्ही हात वर केले.

"हात लावू नको!"

रेणू जागच्या जागी थांबली. अनसाबाईनं पाटी स्वतःच उतरवली. गुडघा मोडून, भिंतीचा आधार घेत, कशीबशी. मग तिनं इकडंतिकडं बघितलं. विजयश्रीला सांगायचं होतं. ती म्हणाली असती, तालुक्याला विचारते, कुणीतरी न्यायला येईल. तोवर ही ठेवायची कुठं? घरात रेणू वावरते. गोठ्यात बकऱ्या चाटतील. परसात टाकली तर पावसानं पुन्हा ओढ्यात, ओढ्यातून तळ्यात. मातीच ती, पण मातीत टाकायची सोय नव्हती.

रेणू आत गेली. चुलीच्या कट्ट्यावर त्या दिवसापासून पडून असलेली वडी तिनं चिमट्यात धरून आणली, लांबूनच पाटीत टाकली आणि पुन्हा आत गेली.

अनसाबाई दारात बसली. थोडा वेळ पाटी शेजारी ठेवून बघितली. मग अंधारात बकरीनं मान लांब केली, तशी तिनं ती उचलली आणि मांडीवर घेतली.